शिंपल्यावरून सुचलेला चेंडू

फिरकी दिलेला चेंडू हवेत का वळतो, असं विचारलं की उत्तर तयार असतं: एका बाजूची हवा जोरात धावते, तिथला दाब कमी होतो, बर्नुलीचा नियम, विषय संपला. चूक नाही, पण अर्धवट आहे.

अमेरिकेतला बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कँडी कमिंग्ज याचं या उत्तरावाचून काही अडलं नाही. १८६३ साली ब्रुकलिनच्या किनाऱ्यावर शिंपले भिरकावताना ते वळतात हे पाहून चेंडूही वळवायचं त्याने मनावर घेतलं, असं तोच सांगे. १८६७ मध्ये हार्वर्डविरुद्ध तो चेंडू वळलाही. हा जेमतेम ५४ किलोचा गडी, त्यात हात खालून झुलवूनच चेंडू टाकायचा नियम. तरी १८७२ ते १८७७ या सहा हंगामांत त्याच्या नावावर १४५ विजय लागले. 'पहिला कर्व्हबॉल (वळणारा चेंडू) माझाच' म्हणणारे इतरही होते, ते सोडा.

गंमत म्हणजे शिंपल्याचं कारण चेंडूला लागू नाही. चपटा शिंपला तिरका होऊन पंखासारखा हवेवर रेलतो. गोल चेंडूला तिरकं होता येत नाही. चेंडूला हवेचा पातळ थर चिकटतो आणि मागच्या अंगाला सुटतो. समजा, वरून पाहता चेंडू घड्याळाच्या उलट फिरतोय. डावा पृष्ठभाग हवेबरोबर मागे सरकतो, म्हणून तिथला थर उशिरा सुटतो; उजवा हवेच्या विरुद्ध जातो, तिथला लवकर सुटतो. परिणामी चेंडूमागची हवा उजवीकडे ढकलली जाते आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने चेंडू डावीकडे सरकतो. हाच मॅग्नस परिणाम. आजच्या चेंडूवरची उठावदार शिवणही हवा ओढायला मदत करते. (तिचे दुहेरी टाके १०८ असतात. लगेच जपमाळ काढू नका, तो शिवणकामाचा हिशेब आहे.)

समालोचक म्हणतात, चेंडू 'शेवटच्या क्षणी' वळला. तसं काही होत नाही. बाजूचं बल साधारण सारखंच राहिलं, तर विचलन वेळेच्या वर्गाने वाढतं: अर्ध्या वेळेत फक्त पाव, उरलेलं पाऊण पुढच्या अर्ध्यात.

चेंडू वळतच नाही, तो दृष्टिभ्रम आहे, असंही ठासून सांगणारे होते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ लायमन ब्रिग्ज यांनी पवनबोगद्यात मोजमाप करून १९५९ मध्ये निकाल दिला: विचलन ४४ सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतं. फलंदाजासमोरची होम प्लेट, म्हणजे जिच्यावरून चेंडू टाकायचा ती जमिनीवरची पाटी, ४३ सेंटिमीटर रुंद असते.