प्विझे (फ्रान्स)

प्विझे : फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील वायव्य कोपऱ्याचा ग्रामीण प्रदेश. पॅरिसच्या दक्षिणेस, ल्वार आणि योन या नद्यांच्या दरम्यान तो वसला आहे. ओकची राने, तळी आणि झुडपांच्या कुंपणांनी आखलेली कुरणे असे इथले भूरूप. जमिनीत चिकणमाती, गेरू आणि लोहयुक्त वालुकाश्म मुबलक आहेत. किल्ले आणि कुंभारकाम या दोन्हींसाठी प्विझेची ख्याती आहे आणि दोन्हींचे मूळ याच जमिनीत आहे.

प्रदेशातील सर्वांत भारदस्त वास्तू म्हणजे सँ-फार्जोचा गुलाबी विटांचा किल्ला. चौदाव्या लुईची चुलत बहीण, मोंपान्सिएची डचेस, फ्रोंद या सरदार-उमरावांच्या बंडात राजाविरुद्ध उभी राहिल्यामुळे 1652 मध्ये इथे हद्दपार झाली. तिने फ्रांस्वा ल व्हो या वास्तुविशारदाकडून आतला चौक नव्याने बांधून घेतला. 1979 मध्ये मिशेल गुइयो यांनी भावासह हा किल्ला विकत घेतला. पुढे अभ्यासकांना विटांच्या आवरणाआड मध्ययुगीन दगडी किल्ला दडलेला आढळला आणि तसाच एक किल्ला मुळापासून बांधून पाहावा, ही कल्पना त्यातून निघाली.

त्रेन्यी गावाजवळच्या रानात, दगडाच्या एका बंद पडलेल्या खाणीत, 1997 मध्ये गेदेलाँ किल्ल्याचे काम सुरू झाले. गुइयो यांच्यासोबत मारिलीन मार्तां यांनी ते उभे केले. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातील मध्यम कुवतीच्या सरदाराचा किल्ला असे गृहीत धरून, त्या काळच्या साधनांनीच बांधकाम चालते. खाणकामगार दगडावर ठोके देऊन आवाजावरून त्याची जात ओळखतात, पाचरी ठोकून तो फोडतात. पाथरवट तो घडवतात. लोहार त्यांच्या बोथटलेल्या छिन्न्यांना पुन्हा धार लावून देतो. काटकोन काढायला तेरा गाठींची दोरी पुरते. गाठींमधल्या बारा समान अंतरांचा तीन-चार-पाच असा त्रिकोण ताणला की कोपरा अचूक येतो. दगड वर चढवायला मोठे लाकडी चाक असते, त्याच्या आत माणसे चालू लागली की दोर गुंडाळला जातो. कौले इथल्याच मातीची, तुळया शेजारच्या ओकच्या, भिंतींवरचे रंग इथल्याच गेरूचे.

हा नुसता देखावा नाही. मध्ययुगीन बांधकामाच्या कागदोपत्री नोंदी तुटपुंज्या असल्याने कमान कशी तोलली, चुना कसा मळला, हे करूनच कळते. पुरातत्त्वज्ञ इथे येऊन आपले तर्क पडताळून पाहतात. 2019 च्या आगीनंतर पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलचे लाकडी छप्पर हाताने ओक तासून पुन्हा उभारण्यात आले, त्यात गेदेलाँला तयार झालेल्या सुतारांचाही हात होता. कारागीर काम थांबवून प्रश्नांची उत्तरे देतात, म्हणून इथे अख्खा दिवस राखून ठेवावा.

कुंभारकामाचे केंद्र सँतामाँ-आँ-प्विझे. इथली माती उच्च तापमानात भाजली की काचेसारखी घट्ट होते, तिच्यातून पाणी झिरपत नाही. आपल्याकडच्या लोणच्याच्या बरणीसारखीच इथली भांडी मीठ, लोणी, तेल साठवायला घरोघरी होती. शिल्पकार झाँ कारियेस (1855–1894) यांनी पॅरिसच्या 1878 च्या जागतिक प्रदर्शनात जपानी भांडी पाहिली. पुढे ते या भागात येऊन राहिले आणि त्यांच्या हातून गावठी भांड्यांची माती कलाकृतींत आली. गावच्या किल्ल्यात या भांड्यांचे संग्रहालय आहे, गावात कुंभारकामाचे प्रशिक्षण केंद्रही आहे. त्रेन्यीजवळच्या रातिई किल्ल्यात 1951 मध्ये जान आणि नॉर्बेर प्येर्लो यांनी कुंभारशाळा थाटली. तिथे कलाप्रदर्शनेही भरतात. बुरुजांच्या आड चाक फिरताना पाहायचे असेल तर रातिई चुकवू नये.

गावे विखुरलेली असल्याने स्वतःची गाडी लागते. ओसेर हे सोयीचे मोठे शहर. गेदेलाँ हिवाळ्यात पर्यटकांसाठी बंद असते, त्यामुळे वसंत ते शरद हाच भेटीचा काळ.