परदेशात जाणारं स्टीलचं काम आमच्याकडे देताय? मग हे एकदा वाचाच

नमस्कार मंडळी,

ज्यांची बिल्डिंग दुबईत, मस्कतला, केनियात नाहीतर आणखी कुठं समुद्रापार उभी राहायचीय आणि तिचे कॉलम-बीम इथं भोसरीत आमच्या शेडमध्ये बनवून न्यायचेत, त्यांच्यासाठी हे पत्रक. कोटेशन हातात पडलं की पहिला फोन हमखास एकाच गोष्टीसाठी येतो, की ट्रायल असेंब्लीचे, म्हणजे माल पाठवण्याआधी इथंच जोडून बघण्याचे, पैसे वेगळे कशाला लावले, चाकणचं शेड केलं तेव्हा तर नव्हते लावले. बरोबर आहे, नव्हते लावले. चाकणला एखादं भोक चुकलं तर बीम टेम्पोत टाकून दुपारपर्यंत परत आणता येतो, केनियातल्या मोंबासाहून नाही आणता येत.

आयफेल टॉवर सगळ्यांना माहितीय. तो घडीव लोखंडाचा आहे, स्टीलचा नाही, पण काम करायची पद्धत आजही आमच्या धंद्यात शिकवावी अशी. 18,038 तुकडे, 25 लाख रिव्हेट (तुकडे जोडणाऱ्या लोखंडी खिळ्या), आणि त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश रिव्हेट कारखान्यातच मारलेले, टॉवरवर फक्त उरलेले. कारखाना होता लेव्हालुआ-पेरेला, पॅरिसला अगदी चिकटून. एखादा तुकडा बसला नाही तर वर चढलेल्या माणसांनी तिथं भोक मोठं करायचं नाही, तुकडा कारखान्यात परत पाठवायचा असा नियमच होता. म्हणून तर ते 1887 च्या जानेवारीत खोदकामाला लागले आणि 31 मार्च 1889 ला टॉवर तयार. पण परत पाठवायची सोय होती कारण कारखाना शेजारीच होता, हे विसरू नका.

आता सिडनीचा हार्बर ब्रिज घ्या, आमच्या मते समुद्रापार स्टील नेण्याचं याहून मोठं उदाहरण शोधावं लागेल. 1924 साली काम मिळालं इंग्लंडमधल्या मिडल्सब्रोच्या डॉर्मन लाँग कंपनीला, एकूण स्टील 52,800 टन, त्यातलं सुमारे 79 टक्के बोटीनं इंग्लंडहून आलेलं. पण गंमत बघा, त्यांनी प्लेटा आणि सेक्शन आणले आणि कापणं, भोकं पाडणं, जुळवणं हे सगळं पुलाच्या पायथ्याशी मिल्सन्स पॉइंटला मोठे वर्कशॉप बांधून तिथंच केलं. दोन्ही काठांवरून कमानीचे दोन अर्धे भाग पुढं सरकत गेले, प्रत्येक बाजूला 128 केबलांनी मागं ओढून धरलेले, आणि 19 ऑगस्ट 1930 च्या रात्री मध्ये येऊन जुळले. 503 मीटरचा गाळा, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर! मोजमापात किती जीव ओतला असेल त्या लोकांनी, आम्हाला तर वाचतानाही अंगावर काटा येतो.

तुमच्या साइटवर असा वर्कशॉप बांधणं परवडणार नाही हे उघड आहे, मग जे काही जुळवून बघायचं ते इथंच बघायला हवं. आणि हे होऊ शकतं. काळा घोड्याचं वॉटसन हॉटेल बघा, 1860 च्या दशकात त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये बनला, बोटीनं मुंबईला आला आणि इथं जोडला, मुंबईच्या खाऱ्या हवेत दीडशे वर्षांच्या वर उभा राहिला. तेव्हा उलट्या दिशेनं काम झालं, ग्राहक आपल्याकडे होता एवढाच फरक.

ट्रायल असेंब्ली म्हणजे आम्ही काय करतो, तर शेडच्या लेव्हल केलेल्या फ्लोअरवर पूर्ण फ्रेम आडवी मांडतो, गुण्या लावतो, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं घेतो, आणि मग प्रत्येक जॉइंटला खरे बोल्ट घालून बघतो. एम 20 बोल्टला भोक असतं 22 मिलीमीटरचं, म्हणजे खेळ फक्त दोनचा, तीन मिलीमीटर चुकलं की बोल्ट जात नाही. मग साइटवरचा माणूस गॅस कटर काढतो, भोक फाडतो, गॅल्व्हनायझिंग, म्हणजे वरचा जस्ताचा थर, जाळतो, आणि गंज तिथूनच सुरू होतो. तो कटर साइटवर निघूच नये यासाठी ही ट्रायल.

उन्हाचाही हिशोब ठेवावा लागतो. 12 मीटरचा बीम 20 अंश तापला की जवळपास 3 मिलीमीटर लांबतो. सिडनीच्या पुलाची कमान तर उन्हाळ्यात 18 सेंटिमीटरपर्यंत वर उचलली जाते. म्हणून आमच्याकडे मोठी मापं सकाळी सातच्या आत घेतात, आणि एका जॉबला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच कॅलिब्रेट केलेला टेप, मग तो कितीही जुना दिसो.

आता नंबरांबद्दल, कारण इथं आम्ही स्वतः एकदा जबर चुकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जॉबचे मार्क नंबर, म्हणजे कुठला तुकडा कुठला ते सांगणारे नंबर, आमच्या पोरांनी मार्करनं टाकले, वर हलका पंच मारला, आणि माल गॅल्व्हनायझिंगला गेला. जस्ताची टाकी साडेचारशे अंशांच्या आसपास गरम असते, मार्कर गेलाच, पण पंचाच्या उथळ अक्षरांतही जस्त भरलं. माल पोचल्यावर तिकडची टीम नऊ दिवस टेप घेऊन तुकडे ओळखत बसली, क्रेन भाड्यानं उभी. ती भरपाई आम्ही दिली, पण ग्राहकाचे नऊ दिवस काही परत देता आले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक तुकड्यावर खोल हार्ड स्टॅम्प (ठोकून उमटवलेला नंबर), वर तारेनं बांधलेला धातूचा टॅग, आणि गॅल्व्हनायझिंगहून आल्यावर नंबर बोटानं चाचपून वाचल्याशिवाय माल पुढं जात नाही.

मटेरियलचं थोडक्यात सांगतो. ड्रॉइंगवर एस 355 हा युरोपियन स्टीलचा ग्रेड लिहिलेला असेल तर आपला भारतीय ग्रेड ई 350 जवळचा आहे पण तोच नव्हे, बदल करायचा तर तिकडच्या कन्सल्टंटची लेखी मंजुरी तुम्ही आणून द्या. सेक्शनचंही तसंच, आपल्या आयएसएमबीची (भारतीय आय-आकाराचा बीम) फ्लँज, म्हणजे वरची-खालची आडवी पट्टी, आतून उतरती असते, तिकडच्या युबीची (ब्रिटिश बीम) सपाट, त्यामुळे आयएसएमबी वापरला तर बोल्टखाली उताराचे टेपर वॉशर लागतात, गसेट (जोडाच्या प्लेटा) बदलतात. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट तर आम्ही देतोच, पण प्लेट कापली की हीट नंबर, म्हणजे ते स्टील मिलच्या कुठल्या घाण्यातलं ते सांगणारा नंबर, प्रत्येक तुकड्यावर उतरवतो, नाहीतर त्या कागदाला काही अर्थ नाही.

आणि कृपा करून कंटेनरचा विचार ड्रॉइंगच्या आधी करा. 40 फुटी कंटेनर आतून जेमतेम 12 मीटर, दार सव्वादोन मीटरहून थोडं रुंद, त्यामुळे एक तुकडा 11.7 मीटरच्या आत ठेवा असं आम्ही सांगतो. त्याहून लांब हवा तर फ्लॅट रॅक (बाजू आणि छप्पर नसलेला कंटेनर) लागतो, भाडं वाढतं. जोड कुठं घ्यायचा हे तुमच्या डिझायनरनं ठरवायचं, आम्ही सोयीनं कापून चालणार नाही.

ट्रायलच्या दिवशी तुमचा साइट इंजिनिअर नक्की पाठवा, जो तिकडे उभा राहणार आहे तोच. आमचे फिटर त्याला प्रत्येक जॉइंट हातानं दाखवतात, तो फोटो काढतो, शंका विचारतो, चहा होतो, आणि मग तिकडून रात्री-अपरात्री येणारे फोन निम्म्यावर येतात. इरेक्शनचा, म्हणजे साइटवर उभारणीचा, क्रम लोडिंगच्या किमान आठ दिवस आधी द्या, कारण आधी लागणारा माल दाराशी हवा आणि जड माल तळाशी हवा, आणि ही दोन्ही गणितं दर वेळी जुळतातच असं नाही, मग माल दोन कंटेनरमध्ये कसा वाटायचा ते न्हावा शेवा बंदराला गाडी निघायच्या आधी बसून ठरवू.