तोच डोस, वेगळी खोली

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात शेपर्ड सीगल या मानसशास्त्रज्ञाने उंदरांवर एक प्रयोग केला. मांडणी अगदी साधी. उंदरांना एके दिवशी हेरॉइन टोचायचं, पुढच्या दिवशी नुसतं साखरेचं पाणी. असं महिनाभर चालू ठेवायचं आणि हेरॉइनची मात्रा हळूहळू वाढवत न्यायची. पथ्य एकच होतं. हेरॉइन मिळणार ते ठरलेल्या एकाच खोलीत आणि साखरेचं पाणी मिळणार ते दुसऱ्या खोलीत.

महिन्याअखेरीस सगळ्यांना एकच मोठा डोस दिला गेला. तुलनेसाठी ठेवलेल्या, ज्यांच्या अंगात आधी कधी हेरॉइन गेलंच नव्हतं अशा उंदरांपैकी ९६ टक्के मेले. सरावलेल्या उंदरांपैकी काहींना हा डोस हेरॉइनच्या नेहमीच्या खोलीत मिळाला होता, त्यांतले ३२ टक्के मेले. बाकीच्या सरावलेल्या उंदरांना तो साखरेच्या पाण्याच्या खोलीत मिळाला, आणि त्यांतले ६४ टक्के मेले. पदार्थ तोच, मात्रा तीच, सरावही तेवढाच. फक्त खोली बदलली आणि मरणाऱ्यांचं प्रमाण दुप्पट झालं. हा निबंध १९८२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. व्यसनाबद्दल काहीही वाचताना मी या तीन आकड्यांपाशी पुन्हा पुन्हा येतो.

असं का होत असेल? शरीराला तोल सांभाळायची सवय असते. हेरॉइनसारखे अफूच्या जातीचे पदार्थ श्वास मंदावतात, वेदना दाबतात, आतड्यांची हालचाल कमी करतात. हे वारंवार होऊ लागलं की शरीर उलट दिशेने जोर लावायला शिकतं. या शिकण्याची खुबी अशी की पदार्थ रक्तात उतरेपर्यंत शरीर थांबत नाही. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याच्या तोंडाला अन्न येण्याआधीच पाणी सुटायचं, तसं इथे ओळखीची खोली, सुईचा स्पर्श, नेहमीची वेळ यांची चाहूल लागताच शरीर तयारीला लागतं. डोस पोहोचतो तेव्हा सामना बरोबरीचा होतो. अनोळखी खोलीत मात्र ही चाहूल लागत नाही, आणि शरीर बेसावध सापडतं.

माणसांतही हे दिसलं आहे. सीगल यांनी एका रुग्णाची हकिगत नोंदवली आहे. कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या या माणसाला डॉक्टरांनीच मॉर्फीन लिहून दिलं होतं. अंधुक उजेडाच्या निजायच्या खोलीत त्याचा मुलगा ठरल्या वेळी त्याला इंजेक्शन द्यायचा. एके दिवशी तो कसाबसा त्या खोलीतून बाहेर लख्ख उजेडाच्या बैठकीच्या खोलीत आला. मुलाने नेहमीची मात्रा तिथेच दिली. एरवी त्याच मात्रेनंतर वडील शांत पडून राहायचे. त्या दिवशी ते दगावले. एका रुग्णावरून नियम सिद्ध होत नाही, हे खरं. पण उंदरांचे आकडे शेजारी ठेवून ही हकिगत वाचली की दुर्लक्ष करता येत नाही.

हेच शिकणं तलफेच्या मुळाशीही असतं. शरीर तयारीला लागलं आणि पदार्थ आलाच नाही, तर ती उलट दिशेची ओढ एकटीच उरते. हातपाय ओढल्यासारखे होतात, नाक गळतं, पोटात कळ येते, जीव कासावीस होतो. मेंदूत काय घडतं याचा एक धागा वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून हाती आला. फळाच्या रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला की मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी उसळत. थेंबाआधी दर वेळी दिवा लागतो हे माकडाला कळल्यावर त्या पेशी दिवा लागताच उसळू लागल्या, थेंबाला नाही. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्या नेहमीपेक्षाही थंड पडत. व्यसन सोडून वर्ष झालेला माणूस जुन्या गल्लीच्या तोंडाशी का थबकतो, याचा थोडा उलगडा इथे होतो. त्याच्यासाठी ती गल्ली म्हणजेच तो दिवा.

इथवरची गोष्ट प्रयोगशाळेतली. पण जागेचा माणसावर होणारा परिणाम तिथे पुरता मोजता येत नाही. तो मोजला गेला एका युद्धामुळे. १९७१च्या सुमाराला व्हिएतनाममधले अमेरिकन सैनिक मोठ्या संख्येने हेरॉइन घेत असल्याचं उघड झालं, आणि हे सगळे परतले तर काय, या काळजीने अमेरिकेचं सरकार हादरलं. ली रॉबिन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंकडे परतलेल्या सैनिकांच्या पाहणीचं काम आलं. जवळपास निम्म्या सैनिकांनी तिथे अफू किंवा हेरॉइन घेऊन पाहिलं होतं आणि सुमारे २० टक्के त्याच्या आहारी गेले होते. परतल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनग्रस्तांपैकी पुन्हा आहारी गेले अवघे ५ टक्के. तीन वर्षांचा हिशोब मांडला तरी १२ टक्के, आणि तेही बहुतेक थोड्या काळापुरते.

या आकड्यांवर बराच काळ कुणाचा विश्वास बसेना. हेरॉइन एकदा धरलं की सुटत नाही, अशीच तेव्हा ठाम समजूत होती. जागा बदलली एवढ्यावरच सगळं श्रेय टाकणंही चूक ठरेल. तिकडे हेरॉइन स्वस्त आणि शुद्ध होतं, इकडे महाग आणि भेसळीचं. तिकडे भीती आणि रिकामा वेळ होता, इकडे घर होतं, माणसं होती. पण ‘जागा’ या शब्दात हे सगळं येतंच. ती चार भिंतींपुरती नसते. सोबत कोण आहे, पुढे काय वाढून ठेवलंय, कुणाची नजर आपल्यावर आहे, हेही तिच्यात मोडतं. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन झिनबर्ग यांचं म्हणणं होतं की नशेचा परिणाम समजून घ्यायचा तर पदार्थ, घेणाऱ्याची मनःस्थिती आणि भोवताल या तिन्हींकडे एकत्र पाहावं लागतं. मला हे पटतं.

ब्रूस अलेक्झांडर यांचा ‘रॅट पार्क’ प्रयोग या संदर्भात हटकून पुढे केला जातो. एकेकट्या पिंजऱ्यातले उंदीर मॉर्फीनचं पाणी जास्त पीत, मोकळ्या जागेत सोबत्यांबरोबर राहणारे कमी. गोष्ट मनाला भिडते, पण तो प्रयोग पुढे इतरांनी करून पाहिला तेव्हा दर वेळी तसाच निकाल आला नाही, म्हणून मी त्यावर फारसा भार टाकत नाही. जास्त भक्कम वाटतो तो २०१८ साली प्रसिद्ध झालेला मार्को व्हेनिरो आणि यावीन शाहम यांचा अभ्यास. त्यात नशेला सरावलेल्या उंदरांपुढे दोन खटके ठेवले होते. एक दाबला की पदार्थ मिळे, दुसरा दाबला की दार उघडून सोबती भेटे. बहुतेक वेळा उंदरांनी दार उघडलं.

आता तुरुंगाच्या फाटकाशी येऊ. हेरॉइनच्या आहारी गेलेला एक माणूस काही महिने किंवा वर्षं आत काढतो. तिथे पदार्थ मिळत नाही, निदान रोजचा मिळत नाही. शरीराने कमावलेला सराव हळूहळू उतरतो. सुटकेच्या दिवशी तो हातात पिशवी घेऊन बाहेर पडतो. राहायला जागा नसते, काम नसतं, ओळखीचे असतात ते जुनेच सोबती. डोक्याला जुना डोस आठवतो, शरीर मात्र तो विसरलेलं असतं. त्यात शरमेपोटी तो एकट्याने, कुठल्या तरी आडोशाला घेतो.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या ३०,२३७ कैद्यांच्या नोंदी इंग्रिड बिन्सवँगर आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतर रहिवाशांच्या मानाने १२९ पट निघाला. हा मृत्यू कुठल्या विषयाच्या खात्यात टाकायचा? औषधशास्त्राला सराव उतरल्याचं कळतं, पण सुटकेची तारीख त्याच्या वहीत नसते. तुरुंगाच्या दप्तरात तारीख असते, पण फाटकाबाहेर काय घडलं ते नसतं. न्यायालय शिक्षा मोजतं, तीही महिन्यांत. या सगळ्यांच्या वह्या एका टेबलावर आल्या तेव्हाच ते दोन आठवडे दिसू लागले.

आणि दिसल्यावर उपायही सुचले. व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वँडर या दोन डॉक्टरांनी १९६५ सालीच दाखवून दिलं होतं की मेथाडोन हे अफूच्याच जातीचं, पण अंमल सावकाश उतरणारं औषध रोज ठरल्या मात्रेत दिलं तर तलफ शमते आणि माणूस कामधंद्याला लागतो. तुरुंगात हे उपचार बंद पाडणं म्हणजे सराव उतरवून माणसाला धोक्याच्या तोंडी देणं. इंग्लंडमधल्या ३९ तुरुंगांच्या पाहणीत सुटकेच्या वेळी असे उपचार चालू असलेल्यांमध्ये पहिल्या महिन्यातलं नशेच्या विषबाधेने मरण्याचं प्रमाण ८५ टक्क्यांनी कमी आढळलं. हा आकडा हाती असताना तुरुंगात मेथाडोन नाकारण्याचं कुठलंही कारण मला पटत नाही.

स्कॉटलंडने २०११ साली आणखी एक गोष्ट केली. सुटणाऱ्यांना फाटकावरच नॅलोक्सोन या ओव्हरडोसवरच्या उताऱ्याचं किट द्यायला सुरुवात केली, सोबत ते वापरायचं कसं याचं शिक्षणही. आधीच्या पाच वर्षांत तिथल्या अफूजन्य पदार्थांच्या मृत्यूंपैकी ९.८ टक्के सुटकेनंतरच्या चार आठवड्यांतले होते. २०११ ते २०१३ या काळात ते प्रमाण ६.३ टक्क्यांवर आलं.

नॅलोक्सोन मेंदूतल्या पेशींवरच्या ज्या जागांना हेरॉइन चिकटतं, त्यांनाच जाऊन बिलगतं आणि हेरॉइनला तिथून हुसकावतं. निळे पडलेले ओठ दोन-चार मिनिटांत पुन्हा लाल होऊ लागतात, छाती वरखाली होऊ लागते. पण त्याचा अंमल अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि शरीरात उरलेला पदार्थ पुन्हा श्वास दाबू शकतो. म्हणून किट देताना शिकवतात की आधी रुग्णवाहिका बोलवा, माणसाला कुशीवर वळवा, आणि तो उठून बसला, बरं वाटतंय म्हणाला, तरी मदत येईपर्यंत त्याच्याजवळून हलू नका.