शिक्क्यामागची नोंदवही : चारित्र्य पडताळणीचा दाखला परदेशात ग्राह्य कसा ठरू लागला

नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या कारखान्यांतून आखातात कामाला जाणारा तंत्रज्ञ असो किंवा कायमच्या वास्तव्यासाठी कॅनडाला अर्ज करणारे गंगापूर रोडवरचे कुटुंब असो, त्यांच्या कागदपत्रांच्या यादीत चारित्र्य पडताळणीचा दाखला हमखास असतो. पोलिसांच्या आणि पासपोर्ट कार्यालयाच्या व्यवहारात त्याला पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट आणि बोलण्यात पीसीसी म्हणतात. हा दाखला हातात पडला की काम झाले, असे बहुतेकांना वाटते. त्यानंतर परदेशी नियोक्ता किंवा व्हिसा कार्यालय कळवते की दाखला ॲपोस्टिल करून आणा, म्हणजे त्यावरची सही खरी असल्याचे सरकारी प्रमाणपत्र लावून आणा, किंवा दूतावासाचे अटेस्टेशन (प्रमाणीकरण) करून आणा, आणि इथून गोंधळ सुरू होतो. कोणता शिक्का कोणासाठी, कोणत्या क्रमाने आणि कशासाठी, हे नीट माहीत नसल्यामुळे अनेक जण सरकारी शुल्काच्या कितीतरी पट रक्कम मध्यस्थांना देऊन मोकळे होतात. ही व्यवस्था कशी घडत गेली हे समजले, तर तिच्यातला प्रत्येक टप्पा का आहे हेही समजते आणि नको त्या टप्प्यासाठी पैसे मोजणे टळते.

या विषयात मुळात दोन वेगळे प्रश्न एकत्र आलेले आहेत. या माणसाविरुद्ध गुन्ह्याची नोंद आहे का, हा पहिला प्रश्न. तशी नोंद नाही असे सांगणाऱ्या कागदावरची सही खरोखर त्या अधिकाऱ्याची आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पोलीस देतात आणि दुसऱ्याचे परराष्ट्र मंत्रालय. दोन्ही उत्तरे शेवटी कुठल्या ना कुठल्या नोंदवहीतून येतात. मात्र त्या दोन नोंदवह्यांचे इतिहास वेगळे आहेत.

गुन्ह्यांची मध्यवर्ती नोंद ठेवण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातली. त्याआधी माणसाच्या वर्तनाची साक्ष त्याला ओळखणारी माणसेच देत. आपल्याकडे हे काम गावचा पाटील करी. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाच्या जबाबदाऱ्या कायद्यात बसवल्या आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने त्याची जागा घेतली. निफाड, सिन्नर किंवा कळवणच्या गावांत आजही पोलीस पाटलाच्या शब्दाला वजन आहे, कारण तो माणसाला आणि त्याच्या घराला ओळखतो. परंतु माणूस गाव सोडून शहरात आणि शहर सोडून परमुलखात गेला की ही ओळख त्याच्याबरोबर जात नाही. फ्रान्सने या अडचणीवर १८५० साली तोडगा काढला. बोनव्हिल द मार्सांजी या न्यायाधिकाऱ्याने मांडलेल्या सूचनेनुसार प्रत्येक शिक्षेची नोंद त्या माणसाच्या जन्मस्थळाच्या न्यायालयात पाठवायची आणि तिथे ती एकत्र ठेवायची, अशी पद्धत सुरू झाली. माणूस कुठेही राहत असला तरी त्याच्या नोंदीचा उतारा एकाच ठिकाणी मिळू लागला. आजच्या चारित्र्य दाखल्याचा हा पूर्वज म्हणता येईल.

फ्रेंच उताऱ्यात झालेल्या शिक्षा असत. आपल्याकडची पोलिसी नोंद मात्र दाखल गुन्ह्यांपासूनच सुरू होते. म्हणजे खटला चालू असलेला, प्रसंगी पुढे निर्दोष ठरू शकणारा माणूसही तीत दिसतो. परदेशातल्या काही अधिकाऱ्यांना केवळ शिक्षांची माहिती हवी असते, तर काहींना प्रलंबित खटल्यांचीही. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम ६ मध्ये फौजदारी न्यायालयात कार्यवाही प्रलंबित असणे हे पासपोर्ट नाकारण्याचे एक कारण दिलेले आहे. मात्र नुसता गुन्हा नोंदला गेला म्हणजे कार्यवाही प्रलंबित झाली असे होत नाही, त्यासाठी न्यायालयाने प्रकरणाची दखल घेतलेली असावी लागते, अशी भूमिका अनेक निकालांत घेतली गेली आहे. शेजाऱ्याशी झालेल्या भांडणातून एखादा गुन्हा दाखल झाला म्हणून परदेशाची वाट कायमची बंद झाली असे समजून खचणाऱ्या तरुणांना हा भेद कोणीतरी वेळीच सांगायला हवा.

नाव सारखे असले तरी माणूस वेगळा असू शकतो, ही नोंदवहीची दुसरी अडचण होती. तिचे उत्तर भारतातच सापडले. १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय उभे राहिले, जे जगातले अशा प्रकारचे पहिले मानले जाते. एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठशांच्या वर्गीकरणामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांचे गणिती कष्ट होते, आणि त्यांचे श्रेय अनेक वर्षे अपुरेच दिले गेले. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग १९८६ साली स्थापन झाला, तरी पोलीस ठाण्यांच्या नोंदवह्या दीर्घकाळ परस्परांपासून तुटलेल्याच राहिल्या. २००९ साली मंजूर झालेल्या सीसीटीएनएस प्रकल्पाने ठाणी संगणकाच्या जाळ्याने जोडण्यास सुरुवात केली. त्याआधी पंचवटी पोलीस ठाण्याच्या हद्दीतून मिळालेला दाखला प्रामुख्याने स्थानिक नोंदवहीच्या भरवशावर असे. त्याच माणसाविरुद्ध दुसऱ्या राज्यात काय नोंदलेले आहे हे समजण्याची सोय फारच तोकडी होती.

आता दुसऱ्या नोंदवहीकडे वळू. नाशिकच्या पोलीस अधिकाऱ्याची सही परदेशातल्या कारकुनाने ओळखावी अशी अपेक्षा करता येत नाही. म्हणून देशोदेशी साखळीची पद्धत रूढ झाली. स्थानिक अधिकाऱ्याची सही राज्य सरकारने प्रमाणित करायची, राज्याच्या अधिकाऱ्याची सही केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाने आणि मंत्रालयाच्या अधिकाऱ्याची सही ज्या देशात जायचे त्या देशाच्या दूतावासाने. प्रत्येक पायरीवर नमुना सह्यांची नोंद ठेवलेली असते आणि समोरची सही तिच्याशी पडताळली जाते. या साखळीतला कोणताही अधिकारी दाखल्यातला मजकूर तपासत नाही. त्याच्या खालच्या अधिकाऱ्याची सही आणि हुद्दा खरा आहे, एवढेच तो सांगतो. पुढची सगळी व्यवस्था याच मर्यादेवर उभी आहे आणि गैरसमजही बहुतेक इथेच होतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात माणसांची आणि मालाची ये-जा वाढली तसे या साखळीचे ओझे असह्य झाले. युरोप परिषदेच्या सूचनेवरून खाजगी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या हेग परिषदेने हा प्रश्न हाती घेतला आणि ५ ऑक्टोबर १९६१ रोजी परदेशी सार्वजनिक दस्तऐवजांच्या प्रमाणीकरणाची अट रद्द करणारा करार संमत झाला. तो २४ जानेवारी १९६५ पासून अमलात आला. या कराराने दूतावासाची शेवटची पायरी काढून टाकली. दस्तऐवज ज्या देशात तयार झाला त्या देशाच्या नियुक्त अधिकाऱ्याने ठरलेल्या नमुन्यातले एक प्रमाणपत्र त्यावर लावायचे आणि करारातल्या इतर सर्व देशांनी ते मान्य करायचे. हे प्रमाणपत्र म्हणजे ॲपोस्टिल. ते किमान ९ सेंटिमीटर बाजूचा चौकोन असावे, त्याचे शीर्षक फ्रेंचमध्येच असावे आणि त्यात दहा क्रमांकित रकाने असावेत, असे कराराच्या जोडपत्रात ठरवून दिलेले आहे. दस्तऐवजाचा देश, सही करणाऱ्याचे नाव, त्याचा हुद्दा, शिक्का कोणाचा, प्रमाणित कुठे, कधी आणि कोणी केले, अनुक्रमांक, मोहोर आणि सही, एवढेच त्यात असते.

माझ्या मते या कराराचे मर्म त्याच्या सातव्या कलमात आहे. प्रत्येक नियुक्त अधिकाऱ्याने दिलेल्या ॲपोस्टिलांची नोंदवही ठेवली पाहिजे आणि कोणी विचारले तर तो अनुक्रमांक आणि तारीख नोंदवहीत आहे की नाही हे सांगितले पाहिजे, असे हे कलम म्हणते. शिक्का कितीही सुबक असला तरी त्याची नक्कल होऊ शकते. नोंदवहीतला क्रमांक खोटा पाडणे मात्र अवघड.

नाशिककरांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात देशाचे पासपोर्ट, टपाल तिकिटे आणि मुद्रांक छापले जातात. चारित्र्य दाखल्यासोबत लागणारे प्रतिज्ञापत्र ज्या मुद्रांकावर केले जाते तोही पिढ्यान्‌पिढ्या इथूनच निघालेला. अब्दुल करीम तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणात याच मुद्रणालयातून लिलावात निघालेल्या जुन्या यंत्रसामग्रीचा वापर झाल्याचे पुढे आले आणि २००३ च्या सुमारास त्या प्रकरणाने सारे राज्य हादरले. सरकारी कागदावरची छपाई हाच पुरावा मानण्याची सवय त्यानंतर ढिली झाली. मुद्रांकांच्या बाबतीत पुढे ई-स्टॅम्पिंगसारख्या पद्धती आल्या, ज्यात कागदावरचा क्रमांक मध्यवर्ती नोंदीशी ताडून पाहता येतो. ॲपोस्टिलच्या सातव्या कलमातला विचार हाच होता.

भारत या करारात उशिरा आला. २६ ऑक्टोबर २००४ रोजी सामील होण्याचा दस्तऐवज दाखल झाला आणि १४ जुलै २००५ पासून करार भारताला लागू झाला. त्याआधी अमेरिकेला जाणाऱ्यालाही दूतावासाच्या पायरीला सामोरे जावे लागत असे. काही युरोपीय देशांनी भारताच्या प्रवेशावर सुरुवातीला हरकत घेतली आणि पुढे बहुतेकांनी ती मागे घेतली. जर्मनीने घेतलेल्या हरकतीमुळे मात्र भारत आणि जर्मनी यांच्यात हा करार लागू झाला नाही. जर्मनीला जाणाऱ्या विद्यार्थ्याने किंवा परिचारिकेने म्हणून आधी तिथल्या कार्यालयाला नेमके काय हवे ते विचारून घ्यावे. एजंटाने लावून दिलेले ॲपोस्टिल तिथे उपयोगी पडेलच असे नाही.

भारतात ॲपोस्टिल देण्याचा अधिकार परराष्ट्र मंत्रालयाकडे आहे. २०१२ पासून मंत्रालयाने खिडकीवर थेट अर्ज घेणे थांबवले आणि कागद गोळा करण्याचे काम ठरावीक संस्थांकडे सोपवले. २०१९ पासून हे काम दिल्लीबाहेरच्या शहरांतही विभागले गेले आणि त्यांत मुंबईचा समावेश झाल्यामुळे नाशिकच्या अर्जदाराचा कागद दिल्लीला जाण्याची गरज उरली नाही. ॲपोस्टिलचे सरकारी शुल्क प्रत्येक दस्तऐवजास ५० रुपये आहे आणि त्यावर संस्थेचे सेवाशुल्क लागते. एखाद्या मध्यस्थाने हजारोंचा आकडा सांगितला तर तो मुख्यतः त्याच्या धावपळीचा मोबदला असतो, हे ध्यानात ठेवावे.

दाखला कुठून काढायचा, या निर्णयावर पुढची सगळी पायपीट अवलंबून असते. नाशिककरांपुढे दोन दारे आहेत. पहिले पासपोर्ट कार्यालयाचे. भारतीय पासपोर्टधारकाला परदेशातील नोकरी, वास्तव्य, दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा स्थलांतर यांसाठी ५०० रुपये शुल्कात पीसीसी मिळते. पर्यटक व्हिसासाठी ती दिली जात नाही. या दाखल्यावर जायच्या देशाचे नाव असते, त्यामुळे एका देशासाठी काढलेला दाखला दुसऱ्या देशासाठी चालत नाही. सप्टेंबर २०२२ पासून टपाल कार्यालयांतील पासपोर्ट केंद्रांतही यासाठी अर्ज करता येऊ लागले. दुसरे दार पोलिसांचे, आणि तिथे हद्द महत्त्वाची ठरते : देवळाली, इंदिरानगर किंवा सातपूरचा रहिवासी शहर पोलीस आयुक्तालयाकडे जातो, तर मालेगाव, येवला किंवा निफाडचा ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे.

पासपोर्ट कार्यालय हे परराष्ट्र मंत्रालयाचेच अंग असल्यामुळे तिथल्या अधिकाऱ्याच्या सहीचा नमुना मंत्रालयाजवळ असतो आणि तो दाखला थेट ॲपोस्टिलसाठी जाऊ शकतो. पोलीस आयुक्तालयाच्या किंवा अधीक्षकांच्या दाखल्याला मात्र आधी राज्य शासनाचे, म्हणजे मुंबईच्या मंत्रालयातल्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाचे प्रमाणीकरण घ्यावे लागते. दोन्ही दाखल्यांत माहिती पोलिसांचीच असते, तरीही एकाची वाट दुसऱ्यापेक्षा एका पायरीने लांब होते. परदेशी कार्यालयाने स्थानिक पोलिसांचाच दाखला मागितला नसेल, तर पासपोर्ट कार्यालयाचे दार केव्हाही सोयीचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आखाताच्या बाबतीत देश पाहूनच वाट ठरवावी लागते. ओमान आणि बहरीन करारात आधीपासून होते, सौदी अरेबिया ७ डिसेंबर २०२२ पासून आला. संयुक्त अरब अमिराती, कुवेत आणि कतार यांनी तो स्वीकारलेला नाही, म्हणून तिथे परराष्ट्र मंत्रालयाच्या अटेस्टेशननंतर दूतावासाची जुनी पायरी शिल्लक आहे. अमिरातीने तर ४ फेब्रुवारी २०१८ पासून कामाच्या व्हिसासाठी चारित्र्य दाखला सक्तीचा केला आणि दोन महिन्यांच्या आत, १ एप्रिलपासून, ती सक्ती थांबवली. त्या काळात घाईघाईने कागद तयार करून घेणाऱ्यांचा पैसा वाया गेला. कॅनडात करार ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. त्यापूर्वीची माहिती आजही सल्ला म्हणून दिली जाते, तेव्हा सांगणाऱ्याचा अनुभव कोणत्या वर्षातला आहे हे विचारलेले बरे.

परदेशात काही वर्षे राहून नाशिकला परतलेल्या माणसाकडे त्या देशाचा दाखलाही मागितला जातो. अमेरिकेत राहिलेल्याला एफबीआयकडून ठशांच्या आधारे नोंदीचा उतारा घ्यावा लागतो आणि तो संघराज्याचा दस्तऐवज असल्यामुळे त्याला ॲपोस्टिल वॉशिंग्टनच्या परराष्ट्र खात्याचे लागते. एखाद्या घटक राज्याच्या पोलिसांचा दाखला असेल तर त्या राज्याच्या सचिवांचे. ब्रिटनमध्ये राहिलेल्याला एसीआरओ या गुन्हे-नोंद कार्यालयाचा दाखला मिळतो. भारतीय परराष्ट्र मंत्रालय या कागदांवर ॲपोस्टिल लावू शकत नाही, कारण ते फक्त भारतात तयार झालेल्या सार्वजनिक दस्तऐवजांनाच लावता येते. तसेच परदेशातल्या भारतीय वकिलातीने तिथल्या रहिवाशाला दिलेली पीसीसीही कराराच्या कक्षेत येत नाही, कारण पहिल्याच कलमाने राजनैतिक आणि वाणिज्य प्रतिनिधींनी केलेले दस्तऐवज वगळलेले आहेत. अशा दाखल्याला ॲपोस्टिल मागणाऱ्या कार्यालयाला हे कलम दाखवून, वकिलातीच्या सही-शिक्क्यासह तो तसाच स्वीकारण्याची विनंती लेखी करावी लागते.