वॉलेटमध्ये पडून असलेल्या पैशाचं व्याज जाते कुठे?

कापसाचा चुकारा झाला, कृषी केंद्राची उधारी अन् सोसायटीचं कर्ज फिटलं, की उरलेला पैसा जूनच्या बियाण्यापर्यंत कुठेतरी पडून राहते. आता तो मोबाईलमध्येच, म्हणजे पैसे ठेवायच्या वॉलेट ॲपमध्ये ठेवला तर व्याज भेटते का, हे गावात बरेच जण विचारतात, अन् त्याचं उत्तर थोडं मागे जाऊन पाहावं लागते.

ॲप नव्हते तेव्हाही पडून असलेल्या पैशावर पूर्ण व्याज भेटतच होतं असं नाही बरं. ३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्याचा नियम असा होता की महिन्याच्या १० तारखेपासून शेवटच्या दिवसापर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी रक्कम असेल तेवढ्यावरच व्याज. म्हणजे समजा रिकाम्या खात्यात १२ जानेवारीला चुकाऱ्याचे ५० हजार आले अन् २८ फेब्रुवारीला पोरीच्या लग्नासाठी सगळे काढले, तर दीड महिना पैसा बँकेने वापरला अन् तुमच्या पासबुकात व्याज शून्य! रोजच्या शिलकीवर ४ टक्क्याने तेच अडीचशेच्या वर होते. १ एप्रिल २०१० पासून रोजचा हिशोब सुरू झाला, अन् ऑक्टोबर २०११ मध्ये बचतीचा दर ठरवायची मोकळीक बँकांना भेटली.

तिकडे अमेरिकेत ऑनलाईन पैसे पाठवायच्या पेपाल कंपनीने सुरुवातीच्या काळातच खात्यातला रिकामा पैसा मनी मार्केट फंडात (थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसा लावणारा फंड) टाकायची सोय दिली होती, पण २००८ नंतर तिथले व्याजदर शून्याजवळ आले अन् २०११ मध्ये त्यांनी तो फंडच बंद केला. चीनमध्ये अलीबाबाने २०१३ मध्ये युएबाव नावाचा तसाच फंड काढला, त्यात तर एक युआनपासून पैसे टाकता येत, लोक तुटून पडले.

आपल्याकडे मात्र रिझर्व्ह बँकेने वॉलेटच्या शिलकीवर व्याज द्यायला मनाईच केली. तुमचा पैसा कंपनीने एका बँकेत एस्क्रो खात्यात, म्हणजे तिला मनाप्रमाणे वापरता येत नाही अशा वेगळ्या खात्यात ठेवायचा, अन् त्यातला जो भाग कायम पडूनच राहते त्यावर बँकेकडून व्याज घ्यायची सोय कंपनीला आहे, तुम्हाला नाही. पैसा सुरक्षित राहावा हा हेतू बरोबरच, पण व्याज तयार होते अन् ज्याचा पैसा त्याच्यापर्यंत येत नाही, हे काही मला पटत नाही.

मग पेमेंट बँका आल्या. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नचिकेत मोर समितीच्या शिफारशीनंतर ऑगस्ट २०१५ मध्ये ११ जणांना तत्त्वतः परवानगी भेटली. ह्या बँका व्याज देऊ शकतात पण कर्ज देऊ शकत नाहीत, ठेवीतला निदान ७५ टक्के पैसा सरकारी रोख्यांतच ठेवावा लागते, मग जास्त व्याज देणार कुठून? एअरटेलने सुरुवातीला ७.२५ टक्के जाहीर केले, ते टिकले नाही. पोस्टाची पेमेंट बँक १ सप्टेंबर २०१८ ला ४ टक्क्यावर सुरू झाली, तिचाही दर पुढे उतरला, तरी अंगठा लावून पोस्टमन घरी पैसे देते म्हणून म्हाताऱ्या माणसांना तीच बरी वाटते. कोणत्याही पेमेंट बँकेच्या एका खात्यात आधी १ लाख अन् एप्रिल २०२१ पासून २ लाखच ठेवता येतात. पेटीएम पेमेंट्स बँकेला तर १५ मार्च २०२४ नंतर नवे पैसे घ्यायलाच बंदी झाली, लोकांची आधीची शिल्लक मात्र काढता येत होती.

यूपीआयचं वेगळं आहे. २०१६ मध्ये ते आलं तेव्हापासून पैसा बँकेच्या खात्यातच राहते, नंबर टाकून पाठवला तेव्हाच हलते, म्हणून व्याज चालूच. फक्त यूपीआय लाईटमध्ये, म्हणजे छोट्या खर्चासाठी खात्यातून ॲपमध्ये आधीच काढून ठेवलेल्या पैशावर व्याज नाही, चहापाण्यापुरते हजार-पाचशे तिथे ठेवले तर ठीक आहे.