प्रवरा ते घोड : जोर्वे संस्कृतीचा उदय आणि अस्त

१९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव या पुरातत्त्वज्ञांनी संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठच्या जोर्वे गावी उत्खनन केले. तिथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी आणि लाल भांड्यांवर काळी नक्षी असलेली खापरे मिळाली. तशीच खापरे पुढे तापीपासून भीमेच्या खोऱ्यापर्यंत सापडत गेली, आणि तांबे व दगडाची हत्यारे वापरणाऱ्या या शेतकरी संस्कृतीला जोर्वे हेच नाव पडले. तोटीचे भांडे, पोटाला कंगोरा असलेला वाडगा आणि टिचकी मारताच धातूसारखा खणखणणारा आवाज या जोर्वे खापराच्या खुणा.

पण प्रवरेकाठची शेती जोर्वेपेक्षा जुनी आहे. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला सुमारे इ.स.पू. २२०० पासून सावळदा, उत्तर (म्हणजे अखेरची) हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर एकावर एक आहेत. १९७४ मध्ये सापडलेल्या कांस्याच्या रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा या मूर्तींमुळे हे गाव प्रसिद्ध झाले, तरी त्या मूर्तींच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. अभ्यासाच्या दृष्टीने हे थरच जास्त मोलाचे आहेत.

रोजच्या जगण्याचा सर्वांत बारकाईचा पुरावा शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात खोदकाम केले आणि १३० पेक्षा जास्त घरे उघडी केली. पूर्व जोर्वे, म्हणजे जोर्वे संस्कृतीच्या आरंभीच्या काळात (इ.स.पू. १४००-१०००) घरे चौकोनी, साधारण ५ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद. कुडाच्या भिंती बुटक्या मातीच्या बांधावर उभ्या केलेल्या. धान्य साठवायला जमिनीत पेव, कणगीसाठी मातीचा गोल ओटा. मुख्य पीक सातूचे, सोबत गहू, मसूर, कुळीथ. सातू रब्बीचा, म्हणजे पावसाळा सरल्यावर पाणी हवेच. त्यासाठी गावाने चर खणला, त्याला दगडमातीचा बांध घातला. पुराचे पाणी वळवून साठवण्याची ही सोय एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातली नव्हती. पाच खोल्यांच्या मोठ्या घराशेजारीच धान्यकोठार मिळाले, त्यावरून गावात प्रमुख असावा असा निष्कर्ष निघतो, आणि तो मला पटतो.

मेलेल्या मुलांना दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरत. प्रौढांना घोट्याखालचे पाय तोडून आडवे पुरत. मृताने परत फिरू नये म्हणून असे करीत असावेत.

इ.स.पू. १००० नंतर चित्र पालटते. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, भांडी जाड आणि ओबडधोबड होतात, सातू-गव्हाचे प्रमाण घटते, शिकारीच्या प्राण्यांची हाडे वाढतात. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी याचे कारण पाऊसमान घटणे हे दिले: चराला पाणी नाही, रब्बी हातची जाते, माणसे शेळ्यामेंढ्या आणि शिकारीकडे वळतात. मात्र एकट्या दुष्काळाने सगळे उलगडत नाही. दायमाबादसह प्रवरा-गोदावरीची बहुतेक गावे इ.स.पू. १००० च्या सुमारास ओस पडली. पर्जन्यछायेतलेच, म्हणजे कमी पावसाच्या पट्ट्यातलेच इनामगाव मात्र आणखी सुमारे ३०० वर्षे तगले. स्थानिक पाणी, चराईचा ताण आणि गावाची घडी यांचा हिशेब प्रत्येक ठिकाणी वेगळा मांडावा लागतो.

इ.स.पू. ७०० च्या सुमारास इनामगावही सुटले. प्रवरेकाठच्या नेवाशाला तर जोर्वेकालीन वस्ती आणि त्यानंतरची सातवाहनकालीन वस्ती यांच्यामध्ये कित्येक शतकांचा खंड आहे.