पारा किती, आणि त्यातला माशात किती?

डिसेंबर १९५९ मध्ये जपानच्या मिनामाता गावात चिस्सो कंपनीने सांडपाणी शुद्ध करणारे 'सायक्लेटर' नावाचे संयंत्र समारंभ करून सुरू केले. त्यातूनच बाहेर आलेले पाणी म्हणून कंपनीच्या अध्यक्षांनी ग्लासभर पाणी सर्वांसमोर पिऊन दाखवले. प्रत्यक्षात, अॅसिटाल्डिहाइड हे रसायन बनवणाऱ्या ज्या विभागातून पारा समुद्रात जात होता, त्याचे पाणी त्या वेळी या संयंत्रात सोडलेच जात नव्हते. सेंद्रिय पारा काढून टाकण्याची सोयही त्यात नव्हती. हे पुढे न्यायालयातल्या साक्षींमधून उघड झाले. पारा साठलेले मासे खाऊन मच्छीमार वस्तीत पसरलेल्या आजाराची अधिकृत नोंद १ मे १९५६ ची. सरकारने त्याचे कारण मान्य करायला १९६८ उजाडले. 'प्रक्रिया केलेले पाणी' हे शब्द वाचले की मला आधी तो ग्लास आठवतो.

मिनामातात मिथाइल पारा, म्हणजे सेंद्रिय पाऱ्याचा विषारी प्रकार, कारखान्यातच तयार होत होता. त्यामुळे साधा, असेंद्रिय पारा तळाशी बसला की धोका संपला, असे मानायला जागा होती. १९६९ मध्ये जेन्सन आणि येर्नलव या स्वीडिश संशोधकांनी ती समजूत मोडली. गाळातले जिवाणूच असेंद्रिय पाऱ्याचा मिथाइल पारा करतात, हे त्यांनी दाखवले. हा मिथाइल पारा शेवाळातून किड्यांत, किड्यांतून माशांत चढत जातो आणि प्रत्येक पायरीवर साठत राहतो. १९८५ मध्ये कॉम्पो आणि बार्था यांनी या कामातले मुख्य जिवाणू ओळखले: प्राणवायू नसलेल्या गाळात सल्फेटवर (गंधकाच्या एका संयुगावर) जगणारे. त्यासाठी लागणारी दोन जनुके सापडायला मात्र २०१३ साल यावे लागले.

म्हणजे प्रश्न दोन झाले. पाण्यात पारा किती, हा पहिला. त्यातला जिवाणूच्या पेशीत शिरू शकेल असा किती, हा दुसरा. या दुसऱ्यालाच जैवउपलब्धता म्हणतात, आणि माझ्या मते माशाच्या दृष्टीने खरा प्रश्न हाच आहे.

महापालिकांच्या मैलापाणी केंद्रांपर्यंत हा प्रश्न पोहोचला अमेरिकेत. १९९५ मध्ये तिथल्या पंचमहासरोवरांसाठी वन्यजीवांच्या रक्षणाची मर्यादा लिटरला १.३ नॅनोग्रॅम ठरली. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. इतका कमी पारा विश्वासाने मोजण्याची अधिकृत पद्धत १९९९ मध्ये आली. शहराच्या मैलापाण्यात दाताच्या चांदीतला पाराही येतो. प्रक्रियेत बहुतेक पारा गाळात उतरतो, तरी उरलेला या मर्यादेच्या वर जाई. ओहायो, मिशिगनसारख्या राज्यांना सवलतीची तरतूद करावी लागली. साहजिकच विचारणा सुरू झाली: आमच्या पाण्यातला हा शेवटचा पारा खरोखर माशात जातो का?

२००३ मध्ये शू आणि सेडलाक यांनी दाखवले की प्रक्रिया केलेल्या मैलापाण्यात पाऱ्याला फार घट्ट धरून ठेवणारे पदार्थ असतात. असा बांधलेला पारा जिवाणूंना सहज मिळत नसावा. पण एवढ्यावर निश्चिंत होणे मला पटत नाही. तेच पाणी पुढे दलदलीत किंवा खाडीत, गंधकाने भरलेल्या गाळावर पोहोचले की पाऱ्याची संगत बदलते, म्हणजे तो दुसऱ्याच पदार्थांशी बांधला जातो.

न्यूयॉर्क राज्यातले ओनोंडागा सरोवर या बाबतीत विलक्षण आहे. क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या (क्लोर-अल्कली) कारखान्यांच्या पाऱ्यामुळे तिथे १९७० मध्ये मासेमारी बंद झाली. सिराक्यूज शहराचे मैलापाणीही प्रक्रियेनंतर याच सरोवरात येते. २००४ मध्ये केंद्रात अमोनियाचे नायट्रेट करण्याची सोय वाढली आणि सरोवराच्या तळच्या पाण्यातला मिथाइल पारा घटला. नायट्रेट असेपर्यंत सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचे फावत नाही, हे त्यामागचे कारण. २०११ पासून तर तळाशी मुद्दाम नायट्रेट सोडू लागले. पाण्यासोबत आणखी काय येते, यावरही पाऱ्याचे पुढचे भवितव्य ठरते, याचा इतका स्पष्ट दाखला मला दुसरा माहीत नाही.

दुसरी महत्त्वाची साक्ष कॅनडाची. २००१ पासून सात वर्षे ओंटारियोतल्या एका छोट्या सरोवरात आणि त्याच्या पाणलोटात पाऱ्याची वेगवेगळी समस्थानिके (वजनाने वेगळे, म्हणून ओळखता येणारे पाऱ्याचेच अणू) सोडली गेली, म्हणजे कुठला पारा कुठून आला ते ओळखता यावे. थेट पाण्यात पडलेला नवा पारा लवकर माशात दिसला, आणि तो थांबवल्यावर माशांतला पारा झपाट्याने उतरला. नव्या पाऱ्याला अडवणे वाया जात नाही, हे यातून कळते. 'आमचा पारा थोडाच आहे' या युक्तिवादाला हे उत्तर आहे.

आपल्याकडे ठाणे खाडीतल्या पाऱ्यावरचा शोधनिबंध १९८१ चा. पाऱ्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये मंजूर केला. सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यासाठी आपले सर्वसाधारण मानक लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० नॅनोग्रॅम आहे. ते सांडपाणी सोडणाऱ्या नळाच्या तोंडाशी लागू होते आणि सरोवरांची मर्यादा पाण्याच्या साठ्याला, म्हणून दोन्हींची सरळ तुलना करू नये. पण त्या मानकात विचारला जातो तो एकूण पारा. मिथाइल पाऱ्याचा वेगळा रकाना त्यात नाही.